बाजारातून दवाखान्यात: इंदूरच्या कॅनेडियन मिशनची पार्श्वभूमी

इंदुरात क्रिश्चन कॉलेज म्हटलं की निम्म्या लोकांना किशोरकुमार आणि त्याची कँटीनमधली उधारी आठवते. गोष्ट खरी असो की रंगवलेली, इथली प्रत्येक पिढी ती नव्याने सांगते. हे कॉलेज १८८७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या पाद्र्यांनी सुरू केलं, एवढंही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण हे लोक कॉलेज काढायला आलेच नव्हते. भर बाजारात उभं राहून उपदेश करायचा, एवढाच बेत घरून निघताना होता.

आधी आल्या त्या दोघी बायका. मॅरियन फेअरवेदर आणि मार्गारेट रॉजर १८७३ मध्ये कॅनडाहून निघाल्या. त्यांच्या चर्चचं इकडे ठाणं नव्हतं, म्हणून पहिली काही वर्षं उत्तरेत अमेरिकन मिशनबरोबर काढली. त्याच वर्षी उलट दिशेने एक मराठी पाद्री समुद्र ओलांडून गेला होता. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेला हजर होते. मिशनरी म्हणजे टोपीवाला गोरा साहेब, हे आपल्या डोक्यातलं चित्र तेव्हाही अर्धवटच होतं.

१८७७ मध्ये जे. फ्रेझर कॅम्बेल महूला आणि जे. एम. डग्लस इंदूरला आले. खंडव्याहून घाट चढून येणारी होळकर स्टेट रेल्वेही त्याच सुमारास इंदुराला पोचत होती. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी तिच्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. महाराजांना आगगाडी हवी होती, तिच्या मागोमाग येणारे पाद्री नको होते.

इथून पुढचं सगळं हद्दीवर अडलं. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर एक शहर असूनही अंमल दोन होते. रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीचं (रेसिडेंटचं) ठाणं, आणि छावणी इंग्रजांची, नदीकडचं जुनं शहर होळकरांचं. धर्माच्या बाबतीत मोकळीक देणाऱ्या राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याचा आधार इंग्रजी मुलखात चालायचा, संस्थानात दरबाराचा शब्द चालायचा, आणि दरबाराने शहरातल्या उपदेशाला आणि मिशनच्या शाळांना मनाई केली. रेसिडेन्सीच्या साहेबांनाही हे झेंगट नको होतं. तक्रारी व्हाइसरॉयपर्यंत गेल्या, काही वर्षं कागद नाचले, आणि १८८० च्या दशकाच्या मध्यावर ताण सैल झाला. १८८६ मध्ये शिवाजीराव गादीवर आल्यावर वारं आणखी बदललं. मिशनच्या बाजूने पाहिलं तर तुकोजीराव हेकट वाटतात. मला तसे वाटत नाहीत. रेसिडेंट आधीच रोज कारभारात नाक खुपसत होता. त्यात आणखी एक गोरा भरचौकात प्रजेला देव शिकवणार, हे कोणता राजा सुखाने पाहील?

बाजार बंद, म्हणजे दिवस कसा जायचा? बराचसा मुन्शीपुढे. नव्याने आलेल्याची पहिली दोनेक वर्षं मुख्यतः भाषेत जायची, आणि इंदुरात कोणती भाषा धरायची हाच आधी प्रश्न. दरबार आणि ब्राह्मण वस्ती मराठी, दफ्तर मोडीत, बाजारात माळवी, शिकलेल्यांत उर्दू. मिशनने हिंदी धरली, म्हणून इथलं जुनं चर्चही हिंदीतच प्रार्थना करतं. कॉलेजातून पदवी घेऊन आलेला माणूस अंगणात बसून ‘क’ आणि ‘ख’ घोकतोय, आणि पलीकडून माळ्याचं पोर त्याच्या उच्चारांना हसतंय. ज्याला हजारांपुढे बोलायचं होतं त्याला आधी गप्प बसून ऐकावं लागलं. त्यांच्या श्रद्धेची इथली पहिली शिकवणी मी हीच मानतो.

दुसरी शिकवणी उंबरठ्यावर झाली. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून १८८४ मध्ये ज्या पहिल्या तीन बायका डॉक्टर झाल्या त्यांपैकी एलिझाबेथ बीटी त्याच वर्षी इंदुरात आल्या, १८८६ मध्ये मॅरियन ऑलिव्हर आल्या. मराठी वाड्यांत पाद्र्याला ओसरीच्या पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना माजघरातून बोलावणं यायचं, तेही बहुधा सुईणीने हात टेकल्यावर. नाडी पाहून त्या परत गेल्या की घरातल्या बायका आंघोळ करायच्या. औषध पाण्यात कालवलेलं असेल तर सोवळ्यातली बाई ते तोंडाला लावायची नाही, पुडी असेल तर चालायची. जिचा जीव आपण वाचवला तिला आपला स्पर्श विटाळ वाटतो, हे दिवसाआड गिळायचं. बायबलातल्या नम्रतेवर प्रवचन देणं सोपं असतं, हे काम अवघड होतं. बीटीबाईंची तब्येत काही वर्षांतच खचली आणि त्या परत गेल्या. पण १८९१ मध्ये बायकांचं इस्पितळ उभं राहिलं आणि पुढच्या पिढीत बाळंतपणाला तिथे जाणं इंदूरकरांना नवलाचं राहिलं नाही.

घरातली बाजू कोणी फार लिहीत नाही. पटकी आणि तापाने लहान मुलं जायची. जगली ती शाळेच्या वयाची झाली की मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत, आईबापांपासून महिनोन्‌महिने लांब. कॅनडातल्या आजाऱ्याची खबर जहाजाच्या डाकेने यायची, तोवर तिकडे सगळं उरकलेलं असायचं.

मग संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनिया. माळव्याच्या सुपीक काळ्या मातीला दुष्काळ ठाऊक नाही, ही समजूत त्या वर्षी मोडली. मिशनने अन्न वाटलं, अनाथ पोरं शेकड्यांनी सांभाळली. बुकॅनन दांपत्य त्याआधीच अलीराजपूरकडे आमखुटला भिल्लांमध्ये राहायला गेलं होतं. ही पोरं ख्रिस्ती म्हणून वाढली. त्यांना मरू द्यायला हवं होतं असं कोणी म्हणत नाही, पण भुकेल्या पोराच्या बाप्तिस्म्याला निवड म्हणायचं का, हा प्रश्न तेव्हापासून आजवर मिटलेला नाही. ही ठसठस मिशनच्या माणसांनीही मान्य करावी असं मला वाटतं.

पुढचं थोडक्यात. १९२५ मध्ये कॅनडातली चर्चेस एकत्र आली आणि हे मिशन युनायटेड चर्चकडे गेलं. १९५६ मध्ये शेजारच्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या नियोगी समितीने धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवण्याची शिफारस केली. इंदूर तेव्हा मध्य भारत या वेगळ्या राज्यात होतं, पण हवा इथेही तीच होती. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात बळजबरीच्या आणि आमिषाच्या धर्मांतराला बंदी घालणारा कायदा आला. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात इथलं चर्च सामील झालं. गोरे कमी होत गेले.

त्यांच्या जागी आले ते आपल्याच देशातले, पण इथल्या भाषेला तितकेच परके. कॅथलिक सिस्टर राणी मारिया केरळच्या. देवास जिल्ह्यात उदयनगरच्या आसपास त्या भूमिहीन मजुरांना सावकारी कर्जातून सोडवायला धडपडायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधून इंदूरकडे येताना त्यांचा खून झाला. त्यांची धाकटी बहीणही ननच. २००२ मध्ये ती तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याच्या मनगटाला राखी बांधून आली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या सोहळ्याला तो माणूसही आला होता.