पंखा नंतर, पिनियन आधी

आरसी गाडी (रिमोटनं चालणारी छोटी गाडी) गवताच्या ठोंबात अडकते आणि हातातला ट्रिगर मात्र पूर्ण ओढलेलाच राहतो. चाकं हलत नाहीत, मोटरमधून नुसती बारीक गुणगुण येते. मामला तीन-चार सेकंदांचा असतो, पण तेवढ्यात मोटर कायमची निकामी होऊ शकते.

याचा हिशेब सोपा आहे. बॅटरी ७.२ व्होल्टची आणि मोटरचा रोध ०.१२ ओहम धरला, तर अडकलेल्या मोटरमधून ६० अँपिअर प्रवाह वाहतो आणि तिच्या पोटात ४३२ वॉट उष्णता तयार होते. २५ वॉटची सतरा सोल्डरिंग आयर्न अंगठ्याएवढ्या डब्यात कोंबल्यासारखं हे आहे. गुंडाळीत ३० ग्रॅम तांबं असेल, तर त्याचं तापमान दर सेकंदाला सुमारे ३७ अंशांनी चढतं. तारेवरचं इनॅमल (वीज अडवणारा लेप) त्याच्या दर्जानुसार १३० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. बॅटरी, वायरी आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) यांच्या रोधामुळे प्रत्यक्षातला प्रवाह थोडा कमी असतो, पण त्यानं मिळून एखादा सेकंदच वाढतो. म्हणून गाडी अडकली की आधी ट्रिगर सोडायचा, मग तिच्याकडे धावायचं.

फिरणारी मोटर एवढा प्रवाह ओढत नाही, कारण फिरताना ती जनित्रासारखीही वागते आणि बॅटरीच्या विरुद्ध विद्युतदाब निर्माण करते. वेग जितका जास्त, तितका हा विरोधी दाब जास्त आणि प्रवाह कमी. मोटर सर्वांत जास्त ताकद देते ती तिच्या बिनभाराच्या वेगाच्या निम्म्यावर, पण तिथं बॅटरीतून आलेल्या विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. मोटरची कार्यक्षमता वाढते ती वरच्या वेगाजवळ. म्हणजे मोटरला मोकळेपणानं फिरू देणं हाच ती थंड ठेवण्याचा खरा उपाय, आणि ते ठरतं पिनियनवर, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकावर. बहुतेक जण मोटर तापली की पंखा शोधायला जातात. पंखा झालेली उष्णता बाहेर काढतो. उष्णता किती होणार, हे ते छोटं चाक ठरवतं.

तामिया कंपनीच्या टीटी-०२ या चासीचं (गाडीच्या सांगाड्याचं) उदाहरण घेऊ. तिच्या स्पर गिअरला (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाला) ७० दाते, पिनियनला २२ आणि आतल्या गिअरांचं गुणोत्तर २.६. सत्तरला बावीसनं भागून २.६ नं गुणलं की ८.२७ येतं; मोटरचे ८.२७ फेरे झाले की चाकाचा एक. पिनियन २५ दाती बसवला की हेच गुणोत्तर ७.२८ होतं. गाडी वरच्या वेगाला जास्त धावते, पण तोच जोर चाकाला द्यायला मोटरला आता सुमारे १४ टक्के जास्त प्रवाह लागतो. गुंडाळीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती जवळजवळ २९ टक्क्यांनी वाढते. मोटर आधी हवेपेक्षा ४० अंशांनी तापत असेल, तर आता ढोबळमानानं ५२ अंशांनी तापेल. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत हे खपून जातं. नागपुरात मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, तीच मोटर ९७ अंशांवर पोचते. गाडी तीच, गिअर तोच, फक्त ऋतू बदलला. उन्हाळ्यात पिनियनचे एक-दोन दाते कमी करणं हा विदर्भ-मराठवाड्यात नियमच समजावा.

गरम मोटर आणखी गरम का होत जाते, हेही इथंच समजून घेण्यासारखं आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. साध्या ब्रश मोटरमधल्या (जिच्या फिरत्या गुंडाळीला कार्बनचे तुकडे घासून वीज पोचवतात) फेराइट चुंबकाची ताकद दर अंशाला ०.२ टक्क्यांनी उतरते. मोटर २५ वरून ८५ अंशांवर गेली की रोध २३ टक्क्यांनी वाढलेला आणि चुंबक १२ टक्क्यांनी ढिला. तेवढाच पीळ (फिरवण्याचा जोर) द्यायला जास्त प्रवाह, तोही जास्त रोधातून. गुणाकार केला तर उष्णता सुमारे १.६ पट होते. बॅटरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत मोटर झपाट्यानं तापते आणि गाडी मंदावते, त्यामागे हे चक्र असतं. त्यामुळे लागोपाठ दुसरी बॅटरी लावू नये. मोटर हाताला कोमट लागेपर्यंत, निदान १५ मिनिटं, थांबावं.

पण "हाताला" म्हणजे नेमकं किती? साठ अंशांच्या पुढच्या धातूवर बोट काही क्षणच टिकतं, त्यामुळे ६५ आणि ९५ यांतला फरक बोटाला कळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा. मात्र तो चकचकीत ॲल्युमिनिअमवर रोखला तर आकडा फसवा येतो: गुळगुळीत धातू स्वतःची उष्णता फार कमी किरणांत सोडतो आणि आजूबाजूच्या वस्तूंचीच परावर्तित करतो. मोटरच्या डब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवून ठेवावा आणि नेहमी त्याच जागी, दोन-तीन सेंटिमीटरवरून माप घ्यावं. गाडी थांबल्यावर लगेच एकदा आणि मिनिटाभरानं पुन्हा, कारण आतल्या गुंडाळीची उष्णता बाहेर यायला वेळ लागतो आणि डब्याचं तापमान थांबल्यानंतरही चढत राहतं.

डबा ७० अंशांपर्यंत असेल तर निवांत असावं. ८० ही आमची लक्ष्मणरेषा. ९० दिसले तर त्या दिवशी गाडी बंद, आणि पिनियन बदलल्याशिवाय पुन्हा सुरू करायची नाही. नवा गिअर बसवल्यावर पूर्ण बॅटरी सरळ संपवायची नाही. तीन मिनिटांनी मापायचं, आणखी तीन-चार मिनिटांनी पुन्हा मापायचं. एका वेळी एकच दाता बदलायचा आणि आकडा वहीत लिहायचा, शेजारी हवेचं तापमान आणि जागा: डांबरी, मुरूम की गवत. उंच गवत मोटरला चढणीसारखंच असतं. आणि पिनियन फार छोटाही नको. मोटर सतत टोकाच्या वेगानं फिरली की ब्रश आणि बेअरिंग लवकर झिजतात, आणि ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशच्या, मोटरचा लोखंडी गाभा तापतो.

गिअर बरोबर आहे, तरी मोटर तापते. मग गाडीत कुठेतरी अडखळ आहे. मोटरचे दोन स्क्रू ढिले करून पिनियन स्परपासून दूर करा आणि चाकं हातानं फिरवा. सगळं सहज फिरायला हवं. अडलं तर चाकाच्या आसांत गुंडाळलेले केस आणि गवताचे धागे, जाम झालेलं बेअरिंग किंवा बॉडीला घासणारं टायर सापडतं. नंतर पिनियन पुन्हा जुळवताना दोन गिअरांच्या मध्ये साध्या लिहिण्याच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर नागमोडी घडी उमटली आणि कागद फाटला नाही, तर फट योग्य. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बघावा, कारण काही स्पर किंचित वाकडे असतात. पिनियनचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर घट्ट धरणारा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवरच यायला हवा. तिथं निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र ते लावू नये, काही प्लॅस्टिकांना त्यानं तडे जातात.

मोटर बसवणाऱ्या स्क्रूंची लांबी हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्यानं चांगल्या मोटरी मेल्या आहेत. साधारणतः ३ मिलिमीटर जाडीचे हे स्क्रू गरजेपेक्षा लांब असले तर टोक आत गुंडाळीला भिडतं, इनॅमल खरवडतं आणि शॉर्ट होतो. स्क्रू आधी रिकाम्या माउंटमधून घालून किती बाहेर येतो ते मोजावं आणि मोटरच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेशी ताडून पाहावं.

सोल्डरचे सांधेही तपासावेत. खराब सांध्याचा रोध फक्त ०.०१ ओहम असला, तरी ४० अँपिअरला तिथं १६ वॉट उष्णता निघते, आणि तीही थेट मोटरच्या टॅबवर (वायर जोडायच्या पत्रीवर). सोल्डर धूसर, दाणेदार दिसत असेल तर ते काढून पुन्हा लावा. आयर्न ६० वॉटच्या आसपासचं हवं. कमी ताकदीचं आयर्न टॅबवर जास्त वेळ टेकवावं लागतं आणि त्यानंच आतलं प्लॅस्टिक वितळतं.

आता हीटसिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) आणि पंखा. इथं ब्रश मोटर आणि ब्रशलेस मोटर यांच्यात मुळातूनच फरक आहे. ब्रश मोटरमध्ये तापणारी गुंडाळी मधोमध फिरत असते आणि बाहेरच्या डब्यापर्यंत उष्णता यायची तर मध्ये हवेची फट आणि चुंबक. डब्यावर चिकटवलेला हीटसिंक तिथं थोडाच उपयोगी. तिला हवी डब्याच्या भोकांतून खेळणारी हवा. ब्रशलेसमध्ये उलट: चुंबक फिरतं, गुंडाळी बाहेरच्या कडेला डब्याला टेकून स्थिर असते. तिथं ॲल्युमिनिअमचा पातळ पात्यांचा हीटसिंक चांगलं काम करतो, पण तो डब्यावर घट्ट बसला तरच. स्पर्श होतो तिथं थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर द्यावा, जाड थर उलट अडथळा ठरतो.

पंखा ३० मिलिमीटरचा पुरतो. तो ५ किंवा ६ व्होल्टचा असेल तर रिसीव्हरच्या (रिमोटचा संदेश घेणाऱ्या गाडीतल्या भागाच्या) रिकाम्या चॅनलवर जोडावा. पूर्ण चार्ज झालेली दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) ८.४ व्होल्ट देते, आणि तिच्यावर थेट जोडलेला ५ व्होल्टचा पंखा फार दिवस जगत नाही. शिवाय बंद बॉडीत पंखा गरम हवाच गोल गोल फिरवतो. हवेला बाहेरची वाट हवी: मागच्या काचेच्या जागी किंवा बॉडीच्या मागच्या भिंतीत रुपयाच्या नाण्याएवढी दोन भोकं पाडावीत. ती गोलच असावीत, कारण कोपरे राहिले की बॉडीच्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकला तिथून चीर जाते. तापलेल्या मोटरवर पाणी ओतण्याचा मोह टाळावा. बेअरिंगला गंज लागतो.

ब्रश मोटरची निगा तीन गोष्टींत आहे: कॉम्युटेटर (गुंडाळीला वीज पोचवणारी तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी), कार्बन (तिला टेकून बसणारे ब्रश) आणि तेल. कॉम्युटेटर एकसारखा फिक्या चॉकलेटी रंगाचा असेल तर उत्तम. काळे डाग म्हणजे ठिणग्या पडत आहेत, निळसर झाक म्हणजे तो जास्त तापून गेला आहे. सफाईसाठी बॅटरी काढून, मोकळ्या हवेत, मोटर क्लीनरचा फवारा डब्याच्या भोकांतून मारायचा, काळं पाणी निघून स्वच्छ येईपर्यंत, आणि पूर्ण वाळू द्यायचं. क्लीनरची वाफ पेट घेते आणि ब्रश ठिणग्या पाडतात, त्यामुळे ओली मोटर कधीही फिरवायची नाही. नंतर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या बुशांना (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्यांना) पातळ तेलाचा एकच थेंब. जास्त तेल कॉम्युटेटरवर जातं, कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा लगदा होतो आणि तो पट्ट्यांमधल्या खाचा भरून टाकतो. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे; तो असलेलं तेलही धुऊन नेतो.

उघडता येणाऱ्या मोटरचे कार्बन निम्मे झिजायच्या आत बदलावेत, कारण आखूड कार्बनवर स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि ठिणग्या वाढतात. नवा कार्बन टोकाला सपाट आणि कॉम्युटेटर गोल, म्हणून सुरुवातीला दोघांचा स्पर्श जेमतेम रेषेएवढा असतो. दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, मोटर बिनभाराची १० ते १५ मिनिटं फिरवली की कार्बन त्या गोलाईला बसतो. किटबरोबर येणारी रुपेरी डब्याची ५४० आकाराची मोटर मात्र बंदच असते. तिचे कार्बन संपले की मोटर संपली. ती स्वस्त आहे, बदलून टाकावी.

ब्रशलेसमध्ये झिजणारी वस्तू बेअरिंग एवढीच. शाफ्ट बोटांनी फिरवून किरकिर जाणवली तर तेल द्यावं, तरीही गेली नाही तर जुन्या बेअरिंगवरचा आकडा बघून नवं आणावं. टायमिंगचा (गुंडाळीला वीज किती आधी मिळते ते ठरवणारा) डायल पुढे सरकवला की वेग वाढतो आणि प्रवाहही, त्यामुळे टायमिंग आणि पिनियन एकाच दिवशी बदलू नयेत. कोणामुळे तापलं ते कळत नाही.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवणाऱ्यांसाठी एक खास धोका. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात. मॅग्नेटाइटचे कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि हवेनं उडत नाहीत. ते काढायला चिकटपट्टी किंवा मळलेल्या क्लेचा गोळा दाबून उचलावा लागतो. तिथं जाणारच असाल, तर सगळ्या बाजूंनी बंद असलेली ब्रशलेस मोटर न्यावी आणि घरी आल्यावर खाऱ्या हवेचा ओलावा पुसून बेअरिंगला तेल द्यावं.

ब्रशलेसच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, निओडिमिअमचं चुंबक असतं. त्याचा साधा दर्जा ८० अंशांपर्यंतचा, आणखी वरचे १२० किंवा १५० अंशांपर्यंतचे. दर्जाची मर्यादा ओलांडली की गेलेली ताकद थंड झाल्यावरही परत येत नाही. असा रोटर ओळखायची खूण विचित्र आहे: बिनभाराची मोटर आता पहिल्यापेक्षा जास्त वेगानं फिरते. ढिल्या चुंबकामुळे विरोधी दाब कमी तयार होतो, म्हणून तो भरून काढायला मोटर जास्त फेरे घेते. जमिनीवर मात्र ती गाडी ओढत नाही आणि लवकर तापते. नवी मोटर आणली की पूर्ण चार्ज बॅटरीवर, पिनियन काढून, तिचा वेग आणि बिनभाराचा प्रवाह मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पुढे कधी बेअरिंग स्वच्छ असूनही दोन्ही आकडे वाढलेले दिसले, तर बऱ्याच मोटरींसाठी नुसता रोटर वेगळा मिळतो. अख्खी मोटर घेण्याआधी त्याची चौकशी करावी.