सिगारेट गेली, चिमूट राहिली

अमेरिकेतल्या अग्निशामक जवानांमध्ये सिगारेट ओढणारे आता कमीच. मॅसॅच्युसेट्स राज्यात तर १९८८ पासून धूम्रपान करणाऱ्याला या नोकरीत घेतच नाहीत. पण ओठ आणि हिरडीच्या मध्ये दाबायच्या ओल्या तंबाखूला, तिकडच्या ‘डिप’ला, धूर नसतो. तिचं प्रमाण या जवानांमध्ये इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळलं आहे. खेड्यांत आगीवर धावून जाणारे बहुतेक जण कामधंदा सांभाळणारे स्वयंसेवक असतात, आणि तिथे डिपची सवय घराघरांत जुनी आहे.

वणव्यावरची तुकडी दिवसाला सोळा तास राबते, तेही दोन-दोन आठवडे. डोळे मिटायला लागले की डबी उघडते. त्यांना नावं ठेवणं मला जमत नाही. पण ती चिमूट शरीरात काय करते, हे त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं.

आपल्याकडे तंबाखूला चुना चोळतात, त्यामागे रसायनशास्त्र आहे. एरवी निकोटिनच्या बऱ्याच रेणूंवर विद्युतभार असतो आणि ते तोंडाच्या अस्तरातून सहजी आत शिरत नाहीत. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं, भार जातो आणि निकोटिन भराभर रक्तात उतरतं. डिपमध्ये हेच काम कारखान्यात मिसळलेले क्षार करतात. सिगारेटचा झटका लवकर ओसरतो. चिमटीचं निकोटिन मात्र ती थुंकून टाकल्यावरही बराच वेळ रक्तात टिकून राहतं.

निकोटिनमुळे ॲड्रेनलिन स्रवतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. आता हे आगीशेजारी ठेवून पाहा. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की कामावर असताना दगावणाऱ्या अमेरिकी जवानांपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने जातात. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, तरी हृदयविकाराचे ३२ टक्के मृत्यू त्याच वेळात होतात. उष्णता, जड पोशाख आणि धावपळ यांनी आधीच ताणलेल्या हृदयावर चिमूट आणखी भार टाकते.

कर्करोगाचं वेगळंच. धूरविरहित तंबाखू कर्करोगकारक आहे हे आधीच सिद्ध झालं होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने आग विझवण्याचं कामही त्याच गटात टाकलं.

आता निकोटिनच्या पांढऱ्या पुड्या आल्या आहेत. त्यांत तंबाखूचं पान नसतं, त्यामुळे कर्करोगकारक नायट्रोसअमाइन्स फारच कमी. पण निकोटिन तेच. म्हणून भरतीच्या वेळी ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारून भागणार नाही. निकोटिन कुठल्याही रूपात घेता का, हे विचारावं, सोडायचं असेल त्याला मदत द्यावी आणि गावातल्या स्वयंसेवकाचा रक्तदाबही नियमित मोजावा.