वाफ समुद्रावर, डिझेल रुळांवर: कोकणातल्या मॉडेल रेल्वेची पार्श्वभूमी

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्यांचा एक लाडका काळ असतो: वाफेची इंजिनं निवृत्त होत होती आणि डिझेल रुळावर येत होतं, तो. कारण व्यवहारी आहे. एकाच यार्डात कोळशाचं इंजिन आणि डिझेल शेजारीशेजारी उभं करता येतं आणि पाहायला आलेला जाणकार नाक मुरडत नाही. ब्रिटनमध्ये हा काळ १९५५च्या आधुनिकीकरणाच्या योजनेपासून ऑगस्ट १९६८पर्यंतचा, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांचा. आपल्याकडे सगळंच निवांत. अमेरिकेच्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-१ ही डिझेल इंजिनं १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली, डब्ल्यूडीएम-२ १९६२मध्ये आलं आणि १९६४पासून ते वाराणसीत तयार होऊ लागलं. तरी चित्तरंजनचा कारखाना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाफेची इंजिनं बनवतच होता, आणि ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांवरची, नियमित वाफ थांबली ती थेट डिसेंबर १९९५मध्ये. पस्तीसेक वर्षं दोन्ही पिढ्या एकाच घरात नांदल्या.

एवढा मोठा काळ हाताशी असूनही रत्नागिरी, कणकवली किंवा चिपळूणच्या माणसाने आपल्या गावाचा लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन आणि परिसर यांचा छोटा देखावा, या काळात बसवायचं म्हटलं, की पंचाईत होते. त्या काळात इथे रूळच नव्हते.

कोकणाने वाफ पाहिली ती समुद्रात. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायच्या आणि पावसाळा लागला की बंद व्हायच्या. गिरणीतला चाकरमानी गणपतीला वा शिमग्याला गावी यायचा तो बोटीने, नाहीतर घाट उतरून. १७ जुलै १९४७ला रेवसच्या वाटेवर 'रामदास' बुडाली आणि शेकडो माणसं गेली. तो घाव कोकणात अजून सांगितला जातो. पुढे प्रवासी हळूहळू एसटीकडे वळला. रेल्वेची मागणी जुनीच होती. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी ती लावून धरली, त्यांच्यामागे मधू दंडवते यांनी. दंडवते १९७७मध्ये स्वतः रेल्वेमंत्री झाले, तरी १९८६पर्यंत रूळ पोहोचले होते फक्त रोह्यापर्यंत. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन यांनी सूत्रं हाती घेतली, १९९३मध्ये रोहा–वीर टप्पा सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या. पहिल्या दिवसापासून डिझेलवर. म्हणजे वाफेकडून डिझेलकडे जायचा प्रसंग या मार्गावर आलाच नाही. पुढचं स्थित्यंतर डिझेलकडून विजेकडे, ते २०२२मध्ये पूर्ण झालं.

मग कोकणाच्या कडेकडेने शोधावं लागतं. उत्तरेला पहिली आशा कर्जतची. बोरघाटातून रेल्वे १८६३पासून आहे, वाफेचा इतिहास भरपूर. पण १९२९–३०मध्ये कल्याण–पुणे मार्गावर विजेची तार आली आणि घाटात वाफेची जागा विजेने घेतली. डिझेलला मध्ये फारसं कोणी विचारलं नाही. दिवा–पनवेल मार्गाचं गणित बरं जमतं. हा मार्ग १९६०च्या दशकात विजेच्या तारेविना सुरू झाला. चित्तरंजनमध्ये डब्ल्यूजी ही वाफेची इंजिनं आणि वाराणसीत डब्ल्यूडीएम-२ एकाच वेळी बनत होती ते हेच दशक. उरणच्या बाजूची खाडी, मिठागरं, भाताची खाचरं असं बसकं, सपाट दृश्य टेबलावर मांडायला सोपं जातं.

मला विचाराल तर उत्तरेकडचं खरं घबाड नेरळला आहे. इथून निघणारी, दोन फूट रुंद रुळांवरची माथेरानची गाडी १९०७ची. तिची जर्मन बनावटीची ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनं २०ला १ चा चढ आणि अंगावर येणारी वळणं घेत वर जायची. १९५०च्या दशकाच्या मध्याला युंग कंपनीची छोटी एनडीएम-१ डिझेल इंजिनं आली, पण वाफ लगेच हटली नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही चालली. शेजारच्या ब्रॉडगेजवरून विजेच्या लोकल आणि दख्खनची राणी जाते. एकाच स्टेशनात वाफ, डिझेल आणि वीज, तेही कुठलीही ओढाताण न करता. शिवाय मॉडेलच्या टेबलावर वळणं नेहमीच खऱ्यापेक्षा तीव्र घ्यावी लागतात आणि मोठी इंजिनं तिथे हास्यास्पद दिसतात. माथेरानची गाडी मुळातच तशी वळणारी.

दक्षिणेला मुरगाव. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत मुरगाव बंदर ते कॅसल रॉक हा मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंद रुळांचा, मार्ग १८८०च्या दशकात झाला. दूधसागरच्या बाजूने ब्रागांझा घाट चढणारी ही गाडी, चढाला मागून लावलेलं बँकर इंजिन, बंदराकडे उतरणारी लोहखनिजाच्या वाघिणींची रांग. १९५५च्या नाकेबंदीत सीमेवरची वाहतूक तुटली, डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती परत जुळली. नंतरच्या दशकांत मीटरगेजवर देशभर वायपी, वायजी ही वाफेची इंजिनं होती आणि त्यांची जागा वायडीएम-४ या डिझेल इंजिनाने घेतली. १९९०च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. समुद्र, धक्का, बोट, वाफ आणि डिझेल हे सगळं एका फळीवर मावतं ते कोकण किनाऱ्यावर फक्त इथेच.

मुरगावच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मापाचा. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावरून, आला. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. १:८७मध्ये ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. तयार रुळावर भारतीय इंजिन चढवलं की ते रुंद अंगाचं, अरुंद पायांचं दिसतं. बहुतेक लोक हे मुकाट्याने स्वीकारतात. काही जण स्वतः रूळ ठोकतात, त्यांना नमस्कार. मीटरगेज मात्र १:८७मध्ये साडेअकरा मिलिमीटर येतं आणि १२ मिलिमीटरचा रूळ विकत मिळतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कोणाच्या बापाला कळत नाही.

ही मापं आली कुठून, तर खेळण्यांच्या दुकानातून. जर्मनीच्या मेर्कलिनने १८९१मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले, १९२०मध्ये ब्रिटनमध्ये हॉर्नबीच्या गाड्या आल्या, १९३०च्या दशकात जेवणाच्या टेबलावर मावतील अशा लहान मापांचं युग सुरू झालं. भारतीय गाडी त्या हिशेबात कधी नव्हतीच. आपल्याकडे जे झालं ते हौशी माणसांच्या हातून. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८मध्ये सुरू झालं, कोकण रेल्वे पूर्ण झाली त्याच साली.

कोकणचं दृश्य या मापात उतरवताना आकडे गंमत करतात. रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच, तो १:८७मध्ये पाऊण मीटरला जरासा कमी, म्हणजे जमेल. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा तेवढ्याच इमानाने केला तर ७५ मीटर लांब होईल, गल्लीच्या टोकापर्यंत. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला, एक डबा साडेचोवीस सेंटिमीटर, दहा डब्यांची गाडी अडीच मीटर आणि फलाटही तेवढाच. जांभ्याचा सव्वा फुटी चिरा साडेचार मिलिमीटरचा होतो. स्टेशनच्या भिंतीवर तो एकेक कापून लावायचा की प्लास्टरवर रेघा ओढून, लाल रंगात थोडा काळा मिसळून भागवायचं, यावरून लेआउट किती वर्षं चालणार ते ठरतं. जांभा ताजा कापलेला असतो तेव्हाच तांबडा असतो. दोन पावसाळ्यांनी त्यावर शेवाळाची काळपट झाक येते, आणि कोकण ओळखू येतं ते त्या झाकेने.

उरतो काल्पनिक मार्ग. नाथ पैंच्या हयातीत रेल्वे आली असती असं धरून १९६८चं राजापूर मांडायचं: कौलारू स्टेशन, पाणी भरायचा नळ, डब्ल्यूजी मालगाडीला, बाजूच्या रुळावर नवंकोरं डब्ल्यूडीएम-२. जगभरचे मॉडेलवाले असं करतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र साल एकदा ठरलं की ते पाळावं लागतं. पानवलसारखा उंच काँक्रीटचा पूल तिथे शोभणार नाही. दगडी खांब आणि लोखंडी गर्डर हवेत. आणि संदर्भाला आजच्या कोकण रेल्वेचे फोटो घ्याल तर त्यातले विजेचे खांब आधी मनातून पुसा.