अ‍ॅलिस स्प्रिंग्स ते उलुरू: आउटबॅकमधला रस्ता आणि तिथले मूळ लोक

ऑस्ट्रेलियाचा किनारा सोडून आत गेलं की जो कोरडा, विरळ वस्तीचा अफाट मुलूख लागतो त्याला आउटबॅक म्हणतात. त्यातून गाडीने जायचं तर बहुतेकांचा रूट ठरलेला असतो, स्टुअर्ट हायवे: दक्षिणेला पोर्ट ऑगस्टा, उत्तरेला डार्विन, मध्ये अंदाजे २,७०० किलोमीटर आणि साधारण अर्ध्यावर अ‍ॅलिस स्प्रिंग्स. या नोंदीत मुख्यतः अ‍ॅलिस स्प्रिंग्स ते उलुरू (लाल रंगाचा प्रचंड खडक) हाच टप्पा घेतलाय, कारण अ‍ॅबोरिजिनल (इथल्या मूळ लोकांच्या) संस्कृतीची ओळख करून घ्यायला बाहेरचे लोक इथेच जास्त येतात. नकाशावर हा भाग मोकळा दिसतो पण तो मोकळा नाही. इथला प्रत्येक डोंगर, पाणवठा, नदीचं कोरडं पात्र कोणत्या ना कोणत्या घराण्यांनी सांभाळायचं असतं, आणि तिथे कोणी जायचं, कोणती गोष्ट कोणाला सांगायची याचे नियम आजही पाळले जातात. त्यामुळे प्रवाशाला इथे कळतं ते त्या लोकांनी सांगायचं ठरवलं तेवढंच, आणि माझ्या मते या प्रवासाची खरी शिकवण तीच आहे.

रस्ता कसा झाला

हायवेला ज्याचं नाव आहे तो जॉन मॅकडूअल स्टुअर्ट १८६१-६२ च्या मोहिमेत खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडून गेला, आणि त्याच्या वाटेने १८७२ मध्ये तारेची (टेलिग्राफची) लाईन पूर्ण झाली. अ‍ॅलिस स्प्रिंग्सची सुरुवात या लाईनवरचं एक स्टेशन म्हणूनच झाली. अशी स्टेशनं जिथे पाणी असेल तिथे बांधली आणि पाणी तर आधीपासून तिथल्या लोकांचं होतं, म्हणजे संघर्ष होणारच होता. १८७४ मध्ये बॅरो क्रीकच्या स्टेशनवर कायटेट्ये लोकांनी हल्ला केला, त्यात दोन कर्मचारी मेले, आणि मग सूड घ्यायला निघालेल्या तुकड्यांनी या भागातली बरीच माणसं मारली. आज तिथे गाड्या नुसत्या विसाव्याला थांबतात.

सामान वाहायला उंट आणले होते. १८६० मध्ये पहिली मोठी खेप आली ती कराची बंदरातून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. उंटवाल्यांना तिकडे सरसकट 'अफगाण' म्हणायचे, प्रत्यक्षात त्यात बलुच, पठाण, पंजाबी, सिंधी असे सगळेच होते, काहींनी अ‍ॅबोरिजिनल बायकांशी लग्नं केली आणि त्यांचे वंशज मध्य ऑस्ट्रेलियात अजून आहेत. ट्रक आल्यावर मोकळे सोडलेले उंट वाढत गेले, रात्री रस्त्यावर आडवे येतात ते हेच.

अ‍ॅलिस स्प्रिंग्स

हा अरंडा लोकांचा मुलूख, शहराचं त्यांचं नाव म्बान्तुआ. शहराला लागून असलेल्या डोंगररांगा सुरवंट पूर्वजांनी घडवल्या असं अरंडा मानतात, म्हणजे टेकाड दिसलं की ते त्या पूर्वजाचं अंगच. शहरात रस्ता काढताना अशा एका पवित्र टेकाडाचा भाग कापला गेला आणि ती जखम लोक अजून विसरलेले नाहीत. पश्चिमेला साधारण १३० किलोमीटरवर हर्मन्सबर्ग, म्हणजे न्तारिया, १८७७ मध्ये सुरू झालेलं लुथरन पंथाचं ख्रिस्ती मिशन. आल्बर्ट नामाजिरा हा जलरंगांचा चित्रकार इथलाच (१९०२-१९५९). त्याची चित्रं देशभर विकली जात होती, राणीला भेटून आला होता, तरी त्याला नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळाले ते १९५७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी नातेवाइकाला दारू दिली म्हणून शिक्षा झाली कारण त्या नातेवाइकाला दारू प्यायची परवानगी नव्हती. एका माणसाच्या आयुष्यात त्या काळचे सगळे कायदे दिसतात म्हणून ही वाकडी वाट करावीच असं मला वाटतं.

उलुरू

अ‍ॅलिसवरून दक्षिणेला २०० किलोमीटर गेलं की एर्लडंडा, तिथून पश्चिमेला वळायचं, लॅसिटर हायवेने अजून अडीचशे. रस्ता पूर्ण डांबरी आहे. वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा माउंट कॉनर दिसतो आणि पुष्कळ लोक तोच उलुरू समजून गाडी थांबवतात.

उलुरू हा सँडस्टोनचा एकच प्रचंड खडक, जमिनीपासून ३४८ मीटर उंच, घेर ९.४ किलोमीटर. लाल रंग वरच्या थरातल्या लोखंडाच्या गंजाचा. पश्चिमेला काटा जुटा या खडकांच्या समूहाचे ३६ घुमट. हा सगळा प्रदेश अनांगू लोकांचा, त्यांच्या भाषा पिट्जंजारा आणि यांकुनिजारा. १८७३ मध्ये विल्यम गॉस नावाच्या सर्व्हेयरने खडकाला एअर्स रॉक नाव दिलं आणि शंभरेक वर्षं तेच चाललं. बऱ्याच लढ्यानंतर २६ ऑक्टोबर १९८५ ला जमिनीची मालकी अनांगूंना परत मिळाली, मात्र त्यांनी ती ९९ वर्षांच्या लीजवर नॅशनल पार्कसाठी सरकारला द्यायची अशी अट होती. पार्कच्या बोर्डावर बहुमत अनांगूंचं आहे.

अनांगूंच्या जगण्याचा पाया म्हणजे जुकुर्पा. पूर्वजांनी फिरत फिरत जमीन कशी घडवली याच्या कथा त्यात आहेत आणि कायदाही आहे, लग्न कोणाशी करायचं, शिकार कशी वाटायची, गवत कधी जाळायचं, पाहुण्याला कसं वागवायचं, हे सगळं त्यातूनच ठरतं. हे गाण्यांत आणि नाचांत साठवलेलं असतं, त्या विधींना इन्मा म्हणतात, आणि गाण्यांचा क्रम म्हणजे वाटेवरच्या ठिकाणांचा क्रम, त्यामुळे गाणं येतं त्याला पाणी कुठे आहे ते माहीत असतं. वाळवंटात हजारो वर्षं टिकायचं तर हे ज्ञान बिनचूक पुढे जायला हवं, आणि ते गेलंय.

सगळ्यांना सांगितली जाते अशी एक कथा कुनियाची. कुनिया ही अजगर स्त्री, अंडी घेऊन पूर्वेकडून उलुरूला आली. तिच्या भाच्याला लिरू, म्हणजे विषारी साप योद्ध्यांनी भाले मारून ठार केलं. ती संतापून, शोक करत त्यांच्यातल्या एकावर चालून गेली आणि खणायच्या काठीने त्याच्या डोक्यावर वार केले. मुटिजुलूच्या पाणवठ्याशी गेलं की खडकावर त्या वारांच्या उभ्या खाचा दिसतात, वळणावळणाची काळी रेघ म्हणजे कुनिया, आणि गाईड ते एकेक दाखवत कथा सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला समजलं, पण ही लहान मुलांना सांगतात तेवढी पातळी आहे, पुढचं ज्याला अधिकार आहे त्यालाच, आणि पुरुषांच्या गोष्टी पुरुषांना, बायकांच्या बायकांना. काटा जुटाच्या कथा तर बाहेरच्यांना सांगतच नाहीत.

खडकाच्या काही भागांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत त्या याचमुळे, कारण ती ठिकाणं दुसऱ्या गटातल्या कोणी फोटोतसुद्धा बघायची नसतात. दगड, वाळू काहीच उचलायचं नाही. आपल्याकडे देवराईतली वाळलेली काडीही घरी नेत नाहीत तसंच. जे उचलून नेतात त्यांच्यातले बरेच जण पुढे पोस्टाने दगड परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र, पार्कवाले त्यांना सॉरी रॉक्स म्हणतात.

चढाईचा वाद सगळ्यात मोठा. वर जाणारी वाट माला (कांगारूसारखा एक छोटा प्राणी) पूर्वजांच्या पवित्र मार्गावरून जाते, शिवाय चढताना ३० हून जास्त माणसं मेली, आणि आपल्या जमिनीवर पाहुणा मेला की अनांगूंना त्याचं दुःख आणि जबाबदारी दोन्ही वाटतं. चढू नका अशी विनंती ते वर्षानुवर्षं करत होते, तरी लोक चढायचे. शेवटी २०१७ मध्ये बोर्डाने एकमताने ठरवलं आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. शेवटच्या आठवड्यांत तिथे रांगा लागल्या होत्या, ते वाचून वाईट वाटतं. आता खडकाला पायी फेरी मारतात, साधारण १० किलोमीटर, आणि मला विचाराल तर उलुरू तसाच नीट दिसतो.

खाणं, चित्रं, वागणं

बुश टकर म्हणजे रानातलं खाणं: झाडाच्या मुळातून काढलेली मोठी पांढरी अळी, मल्गा झाडाखाली खोल खणून मिळणाऱ्या मधमुंग्या, क्वांडाँगची लाल फळं, कांगारूची शेपटी निखाऱ्यात भाजून. खणणं हे प्रामुख्याने बायकांचं काम आणि त्यातलं ज्ञान थक्क करणारं असतं.

ठिपक्यांची जी चित्रं जगभर विकली जातात त्यांची चळवळ सुरू झाली पापुन्यामध्ये, अ‍ॅलिसच्या वायव्येला. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचं जुकुर्पा रंगवलं, १९७२ मध्ये चित्रकारांची स्वतःची कंपनी उभी राहिली. हीच चित्रं कोर्टात जमिनीवरचा हक्क सांगायलाही कामी आली आहेत. बाजारात नकली माल भरपूर, परदेशात बनवलेले बूमरँगसुद्धा, म्हणून गावाच्या मालकीच्या आर्ट सेंटरमधूनच घ्यावं, चित्रकाराचं नाव आणि गाव लिहून मिळतं.

मेलेल्या माणसाचं नाव घेणं, फोटो दाखवणं बऱ्याच समाजांत बराच काळ टाळतात. सतत प्रश्न विचारणं आणि रोखून बघणं पण बरं दिसत नाही, गप्प बसून ऐकलं तर माणसं आपणहून बोलतात.

परवाना आणि तयारी

१९७६ च्या जमीन हक्क कायद्यामुळे नॉर्दर्न टेरिटरीतली (उलुरू याच प्रांतात) बरीच जमीन अ‍ॅबोरिजिनल ट्रस्टांच्या मालकीची आहे. हायवेवर परवाना लागत नाही, पण उलुरूच्या पुढे पश्चिमेला लाव्हर्टनकडे जाणाऱ्या ग्रेट सेंट्रल रोडसाठी लागतो, आणि तो टेरिटरीच्या भागासाठी वेगळा, वेस्टर्न ऑस्ट्रेलियासाठी वेगळा, दोन्ही निघायच्या आधी काढायचे. उलुरूच्या पायथ्याचं मुटिजुलू गावही परवान्याशिवाय बघता येत नाही, तिथे माणसं राहतात. बऱ्याच वस्त्यांत दारू न्यायला बंदी आहे. पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी ओपल, म्हणजे हुंगून नशा न येणारं इंधन मिळतं, पेट्रोल हुंगायच्या व्यसनाने पोरं मरत होती म्हणून २००५ पासून ते आणलं, गाडीला त्याने काही होत नाही.

मे ते सप्टेंबर हवा चांगली, रात्री मात्र गारठा. उन्हाळ्यात (तिकडे तो डिसेंबर ते फेब्रुवारी) पारा चाळिशीपार जातो आणि अंदाज ३६ अंशांचा असेल तर काटा जुटाचा लांबचा ट्रॅक सकाळी ११ ला बंद करतात. मेलबर्न-सिडनीची मराठी मंडळी डिसेंबरच्या सुट्टीत निघतात त्यांनी हे आधी बघावं. पाणी भरपूर ठेवा, अंधारात गाडी चालवू नका, रोड ट्रेनला (अनेक ट्रेलर जोडलेला, ५० मीटरहून लांब ट्रक) ओव्हरटेक करताना पुढचा रस्ता लांबपर्यंत मोकळा हवा, आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नका.