काऊटेल जोडण्याआधी: रेस्क्यू जॅकेट वापरणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

तुम्ही आमच्याकडून रेस्क्यू जॅकेट (नदीतल्या बचावकामासाठीचं तरंगतं जॅकेट) घेतलं आहे, किंवा हाताशी असलेल्या जॅकेटला जोडायला टेदर, म्हणजे रिकामी कयाक जोडून ओढायचा पट्टा, घेतला आहे. खळाळत्या पाण्यात कयाक चालवणारी मंडळी या आखूड, ताणल्या जाणाऱ्या टेदरला ‘काऊटेल’ म्हणतात. या पत्रकात आम्हीही तोच शब्द वापरतो.

दुकानात सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, “हे किती वजन पेलतं?” आम्हाला मात्र ग्राहकाने आधी दुसरा प्रश्न विचारावा असं वाटतं: “हे सुटतं कसं?” वेगवान पाण्यात स्वतःला कशाला तरी बांधून घेणं हा मुळातच धोक्याचा प्रकार आहे. तो पत्करता येतो तो केवळ एका क्षणात मोकळं होता येतं म्हणून.

सुटण्याची रचना

छातीभोवतीचा रुंद पट्टा जॅकेटच्या लूपमधून फिरवलेला असतो, कुठेही शिवलेला नसतो. पाठीवर त्यात स्टीलची रिंग ओवलेली असते आणि काऊटेल त्या रिंगला जोडायचं असतं. पुढे छातीवर प्लास्टिकचं बकल असतं, त्याला हाताला सहज सापडेल असा गोळा. गोळा ओढला की बकलची पकड सुटते. मग मागून जो ताण येतो आहे तोच पट्ट्याला लूपमधून ओढून काढतो, रिंग पट्ट्यावरून घसरते आणि काऊटेल जिथे अडकलं होतं तिथेच राहतं. तुम्ही मोकळे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पट्टा ओढून काढण्याचं काम पाण्याचा ताण करतो. ताण कमी असेल तर बकल उघडूनही पट्टा जागच्या जागी राहू शकतो. म्हणून गोळा ओढून वाट बघत बसू नका. पट्ट्याचं टोक हाताने मागे सारा, कूस बदला, अंग झटका.

बऱ्याच पट्ट्यांवर बकलजवळ खाचांची एक धातूची पट्टी असते. पट्टा तिच्यातून ओवला की घर्षण वाढतं, आणि मोठा भार आला तरी पट्टा घसरत नाही. काठावरच्या माणसाने दोर धरलेला असताना कुणी पाण्यात उतरणार असेल, तर त्याचा उपयोग होतो. पण तेच घर्षण हलक्या ओढीला पट्टा सुटू देत नाही. रिकामी कयाक ओढायची असेल तर अनेक अनुभवी लोक पट्टा या पट्टीतून ओवत नाहीत. तुमच्या जॅकेटच्या निर्मात्याने काय सांगितलं आहे ते आधी वाचा, आणि ज्या पद्धतीने ओवणार आहात त्याच पद्धतीने सुटण्याचा सराव करा.

रिंग पाठीवर का, असंही विचारलं जातं. ओढ पाठीतून आली की तुमचं तोंड प्रवाह वाहतो त्या दिशेला राहतं. पाणी डोक्याच्या दोन्ही बाजूंनी फाकतं आणि चेहऱ्यापुढे श्वास घेण्यापुरती पोकळी तयार होते. दोर छातीकडून बांधला तर तेच पाणी थेट तोंडावर आदळतं. खांद्याचा पट्टा, कमरेचं बकल, खिशाजवळचा लूप या जागा मजबूत दिसल्या तरी तिथे काऊटेल जोडू नका. त्या जागा सुटत नाहीत.

कयाक ओढताना

कुणी कयाकमधून बाहेर पडलं की आधी माणूस, मग बोट, मग पॅडल. हा क्रम कधीही उलटा करू नका. पाण्यात पडलेल्या माणसाला काऊटेलने जोडायचं नाही. त्याने तुमच्या कयाकच्या मागच्या टोकाचा लूप हाताने धरावा आणि पाय मारत राहावं. वाटेत काही आडवं आलं तर तो स्वतः हात सोडू शकतो. जोडलेला माणूस सोडू शकत नाही.

बोटीची गोष्ट वजनाची आहे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, आणि अरुंद, उताराच्या नद्यांसाठीच्या अनेक कयाकचं आकारमान ३०० लिटरच्या आसपास असतं. आत एअरबॅग (बोटीत बसवायच्या, हवा भरलेल्या पिशव्या) नसतील आणि पाणी भरलं, तर तुमच्या पाठीला पाव टनाहून जास्त ओझं लागलेलं असतं. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. मागच्या वळणावर सहज ओढता आलेली बोट पुढच्या उतारावर तुम्हालाच ओढू लागते. एअरबॅग हा कयाकच्या खर्चात वाचवण्याचा भाग नव्हे, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

काऊटेलच्या टोकाचा हूक, म्हणजे उघडझाप होणारा कॅराबिनर, बोटीला लावण्याआधी मान वर करून प्रवाहाच्या खालच्या बाजूला बघा. पुढचा रॅपिड (खळाळत्या पाण्याचा टप्पा) कुठे सुरू होतो? कुठल्या एडीत (खडकामागच्या किंवा काठाजवळच्या संथ पाण्यात) शिरणार आहात? तिथे पोचता आलं नाही तर कुठल्या खडकापाशी सोडून द्यायचं? या तिन्हींची उत्तरं दिसत नसतील तर हूक लावू नका. आपल्या कयाकच्या नाकाने बोटीला ढकलत काठाकडे न्या. हे हळू होतं, दमवतं, पण तुम्ही कशालाही बांधलेले नसता.

ओढताना आम्हाला सगळ्यांत भीती वाटते ती खडकाची. तुम्ही खडकाच्या डावीकडून जाता, मागची बोट उजवीकडून जाते, आणि काऊटेल मधोमध अडकतं. त्या क्षणी एका बाजूला बोट आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, आणि पाणी दोघांवर जोर लावत असतं. पडलेल्या झाडांच्या फांद्यांतही हेच होतं, आणि तिथे तर पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. अशा ठिकाणी कॅराबिनर उघडायच्या फंदात पडू नका. ताणाखाली त्याचं झाकण बोटांनी उघडत नाही आणि बोटंही चिरडतात. गोळा ओढा. बोट गेली, काऊटेल गेलं, तरी चालेल. आणि शंका आली तेव्हाच ओढा, खात्री होईपर्यंत थांबू नका.

समुद्रावर कयाक चालवणारे पॅडलला दोरी बांधतात. रॅपिडमध्ये ती बांधू नका. तिला सोडायचं बकल नसतं आणि उलट्या कयाकमधून बाहेर पडताना ती पायांत अडकते.

कॅराबिनर आणि वापरात नसलेलं काऊटेल

कॅराबिनर लॉकचा असावा की साधा, यावर कयाकवाल्यांत एकमत नाही. साधा कॅराबिनर चुकून भलत्या दोरीत किंवा फांदीत अडकू शकतो. लॉकच्या कॅराबिनरची फिरकी वाळूने जाम होते, आणि एका हातात पॅडल असताना ती फिरवणं जिकिरीचं जातं. आम्ही रुंद तोंडाचा, साधा कॅराबिनर देतो, ज्याच्या नाकावर खाच नाही. खाच असली की काढताना ती लूपच्या धाग्यात अडकते.

हा निर्णय योग्य ठरतो तो कॅराबिनर नेहमी जॅकेटवरच्या त्याच्या जागी लावलेला असेल तरच. ती जागा झटका दिल्यावर सुटेल अशी असली पाहिजे. पाठीकडून पुढे येणारं काऊटेल बगलेखाली लोंबकळत ठेवू नका. त्याच्या वळशात मूठ जात असेल तर फांदीही जाईल. आणि काऊटेल वापरायचं प्रशिक्षण अजून घेतलं नसेल तर ते जॅकेटवरून काढून घरी ठेवा. त्याशिवायही जॅकेट उत्तम तरंगवतं.

काठावरून दोराने उतरताना

याला ‘लाइव्ह बेट’ म्हणतात. वाचवणारा पाण्यात उतरतो आणि काठावरचा साथीदार त्याला दोराने धरून ठेवतो. हे पत्रक वाचून करू नका, नदीवर प्रशिक्षकासोबत शिका. दोनच गोष्टी इथे सांगतो, कारण त्यांतल्या चुका आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सामानावर दिसतात. थ्रो बॅगचा (दोर भरलेल्या, फेकायच्या पिशवीचा) दोर सरळ पाठीच्या रिंगला जोडा, काऊटेलच्या टोकाला नव्हे; ताणल्या जाणाऱ्या भागाने झोका वाढतो. आणि काठावर आणखी एक माणूस, दुसरी थ्रो बॅग हातात घेऊन, प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभा असलाच पाहिजे, कारण पाण्यातल्याने गोळा ओढला की त्याच्यामागे कुठलाच दोर राहत नाही.

सराव

आधी जमिनीवर. साथीदाराला मागून काऊटेल ओढायला सांगा आणि डोळे मिटून गोळा शोधा. उजव्या हाताने, डाव्या हाताने, हातमोजे घालून. मग पुढे मोकळं पाणी असलेल्या संथ प्रवाहात. थंड पाण्याबद्दल १-१०-१ असा नियम शिकवला जातो: बर्फासारख्या पाण्यात श्वास ताब्यात यायला साधारण १ मिनिट लागतं, हातपाय कामाचे राहतात साधारण १० मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. गोळा मोठा का ठेवलेला असतो ते बधिर बोटांनी एकदा ओढून पाहिलं की कळतं.

निगा

एकदा एका ग्राहकाने जॅकेट दाखवायला आणलं. पट्ट्याचं टोक वाऱ्यावर फडफडतं म्हणून त्याने ते दुमडून सुबक शिवलं होतं. काम हौसेने केलेलं होतं, पण ते जाड टोक लूपमधून निघालंच नसतं. आम्ही ते समोरच उसवलं. टोकाला गाठ नको, शिवण नको, टेप नको. ते फडफडू द्या.

प्रत्येक वापरानंतर बकल गोड्या पाण्याने धुवा, कारण वाळूचा एक कणही जीभ अडवतो. जॅकेट सावलीत वाळवा. पट्ट्याची कड विसविशीत झाली, टोक वितळून खरखरीत झालं किंवा काऊटेलच्या आतलं रबर आखडेनासं झालं, तर तो भाग बदला. प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी काठावर गोळा एकदा ओढा, पट्टा पूर्ण बाहेर काढा, पुन्हा ओवा आणि साथीदाराकडून तपासून घ्या. दुरुस्तीला येताना जॅकेट आणि काऊटेल दोन्ही आणा. पट्टा, रिंग आणि बकल एकत्र, ताणाखाली सोडून पाहिल्याशिवाय आम्ही कुठलाही सुटा भाग बसवून देत नाही.