हेलिऑस-४४

हेलिऑस-४४ : ५८ मिमी. नाभीय अंतराची, एफ/२ पर्यंत उघडणारी (हा आकडा जितका लहान, तितके प्रकाशाचे छिद्र मोठे), हाताने फोकस करायची सोव्हिएत बनावटीची कॅमेरा लेन्स. झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्यांबरोबर ती लाखोंच्या संख्येने विकली गेली. फिल्मचे दिवस सरल्यावर ते कॅमेरे माळ्यावर गेले, लेन्स मात्र खाली उतरली. जुन्या मॅन्युअल लेन्स जमवण्याचा नाद ज्यांना लागतो, त्यांच्यातल्या अनेकांची पहिली लेन्स हीच असते. ती स्वस्तात मिळते हे एक कारण. खरे कारण म्हणजे तिच्यात राहून गेलेला एक दोष.

घराणे जर्मन. येना येथील कार्ल झाइस कंपनीत विली मेर्टे यांनी १९२० च्या दशकात बायोटार ही रचना सिद्ध केली आणि पुढच्या दशकात ५८ मिमी. एफ/२ बायोटार छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर येनाची यंत्रसामग्री आणि आराखडे भरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात (केएमझेड) सोव्हिएत काचेला जुळवून घेतलेली बायोटार तयार झाली, तिचेच पुढे हेलिऑस झाले. चार गटांत सहा भिंगे ही मांडणी दोघींत सारखीच. रशियन अक्षरांतल्या लेन्सवर नाव ‘गेलिओस’ असे वाचावे लागते, निर्यातीच्या लेन्सवर रोमन अक्षरे असतात. केएमझेडच्या लेन्सवर लोलकातून आरपार जाणाऱ्या किरणाचे चिन्ह असते आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे साल सांगतात.

दोष असा की पूर्ण उघड्या छिद्रावर मागची झाडी माणसाभोवती भोवऱ्यासारखी फिरताना दिसते. दोन्ही टोकांना उघडा असलेला पत्र्याचा डबा डोळ्यासमोर सरळ धरला तर तोंड गोल दिसते. तोच जरा तिरपा केला की पुढची आणि मागची कड एकमेकींवर येऊन तोंड बदामासारखे निमुळते होते. लेन्सच्या नळीत तिरप्या किरणांचे नेमके हेच होते. चित्राच्या मध्यावर गोल उमटणारा प्रकाशाचा ठिपका कडेला बदामी होतो आणि हे सगळे बदाम मध्यबिंदूभोवती फेर धरतात. कडेच्या भागातील विपथनही (किरण एका बिंदूत न जुळण्याचा दोष) पुरते सुधारलेले नाही, त्यामुळे फेर आणखी ठसतो. छिद्र एफ/४ पर्यंत आवळले की सारे शांत होते.

परिणाम हवा असेल तर पार्श्वभूमी निवडावी लागते, आणि इथेच नवखे फसतात. कोऱ्या भिंतीपुढे ही लेन्स इतर कोणत्याही लेन्ससारखीच वागते. केळीच्या बागेतही फारसे काही हाती लागत नाही, पाने फार मोठी. चिंच उत्तम. बारीक पाल्यातून दुपारी चारचे ऊन गाळून येत असावे, माणूस दीड मीटरवर, झाड त्याच्यामागे पाच-सहा मीटरवर. मग प्रत्येक कवडशाचा एक बदाम होतो. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी. फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरवर हा खेळ पुरता दिसतो. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर कडाच कापून टाकतो, त्यामुळे भोवऱ्याचा नुसता इशारा उरतो आणि लेन्स ८७ मिमी.सारखी लांब वाटते. व्यक्तिचित्राला तेही वाईट नाही.

सर्वांत जास्त आढळणारी आवृत्ती ४४-२. तिचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची बैठक, आट्यांचा, ४२ मिमी. व्यासाचा. हाच माउंट जुन्या पेंटॅक्स, प्राक्टिका अशा अनेक कॅमेऱ्यांना असल्यामुळे ‘एम४२’ ही संग्राहकांची जणू एक वेगळी जातच आहे. या माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी. निकॉनच्या एसएलआरमध्ये (आरशावरून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) ते ४६.५ मिमी. आहे, लेन्स गरजेपेक्षा पुढे राहते, म्हणून तिथे साध्या अॅडॅप्टरने (जोडकडीने) दूरचे डोंगर कधीच स्पष्ट होत नाहीत. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी ही अडचण संपवली. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमी. आहे, उरलेले २७.४६ मिमी. भरून काढायला एक पोकळ नळी पुरते. पॅनासॉनिकचा पहिला मिररलेस २००८ मध्ये आला, सोनीचा पूर्ण फ्रेमचा ए७ २०१३ मध्ये. जुन्या लेन्सच्या मागणीला खरा जोर इथून आला.

४४-२ वर छिद्राच्या दोन कड्या असतात. एक टकटक करत आकडा ठरवते, दुसरी आवाज न करता उघड्या छिद्रापासून त्या आकड्यापर्यंत फिरते. उघड्यावर फोकस करायचा, मग न बघता दुसरी कडी आवळायची आणि बटण दाबायचे. कॅमेऱ्याला लेन्स बसल्याचे कळतच नसल्याने ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय आधी चालू करावा लागतो आणि हाताचा कंप सावरणाऱ्या स्थिरीकरणासाठी ५८ हा आकडा हाताने भरावा लागतो. स्पष्ट भागाच्या कडा पडद्यावर रंगवणाऱ्या फोकस पीकिंगवर फार विसंबू नये. एफ/२ वर ते पापणी आणि कान दोन्ही रंगवून मोकळे होते. त्यापेक्षा पडद्यावर माणसाचा डोळा मोठा करून पाहिलेला बरा.

पुढच्या ४४एम मालिकेत छिद्र आपोआप आवळते. तिच्यातील ४४एम-४ ते ४४एम-७ हे आकडे तीक्ष्णतेची प्रतवारी दाखवतात. तीक्ष्णतेसाठी हेलिऑस घेणाऱ्याने मुळातच दुसरी लेन्स पाहावी.

विकत घेताना मागून टॉर्च मारून पाहावे. छिद्र आवळणाऱ्या पात्यांवर तेल दिसले तर ४४-२ मध्ये फारसे बिघडत नाही, कारण त्या स्प्रिंगने नव्हे, हाताने फिरतात. ४४एममध्ये मात्र तेलाने पात्या अडकतात. फोकसची कडी जड असेल तर आतले ग्रीस वाळलेले असते. घरी उघडणाऱ्याने आटे कुठे सुटले तिथे आधी खूण करावी, नाहीतर परत बसवताना अनंतावरचा, म्हणजे फार दूरचा, फोकस हरवतो.

कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात हा मुख्य शत्रू. लवकर सापडली तर पुसून निघते, दोन-तीन पावसाळे राहिली तर काचेवरचे कोटिंग खाऊन कायमचा डाग ठेवते. उन्हात ठेवून बुरशी मरेलही, डाग जात नाही. जुन्या लेन्सबरोबर येणारी चामड्याची पेटी दिसायला देखणी, पण ओल धरून ठेवते. पेटी कपाटात शोभेला ठेवावी आणि लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसोबत. दाण्यांचा रंग बदलला की स्वयंपाकाला न लागणाऱ्या एखाद्या जुन्या कढईत मंद आचेवर ते पुन्हा सुकवून घेता येतात.