डोके व मानेच्या कर्करोगातील अल्पछेदी शस्त्रक्रिया (ठाणे–नवी मुंबई परिसराच्या संदर्भात)

तोंड, घसा, स्वरयंत्र, नाक आणि नाकालगतच्या पोकळ्या यांतील कर्करोगाची गाठ ओठ, जबडा किंवा मान बाहेरून न चिरता, अथवा शक्य तितकी कमी चिरून, काढण्याच्या पद्धती. रुग्ण यांना ‘दुर्बिणीचे’ किंवा ‘लेसरचे ऑपरेशन’ म्हणून ओळखतात. तोंडावाटे केलेली लेसर शस्त्रक्रिया, तोंडावाटे केलेली रोबोटिक शस्त्रक्रिया, नाकातून दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया, कानामागच्या छेदातून काढलेल्या मानेच्या गाठी आणि पहिल्या लसीकाग्रंथीची (कर्करोग पसरताना सर्वांत आधी जिथे पोचतो त्या ग्रंथीची) तपासणी हे सर्व प्रकार या नावाखाली येतात. अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचा विचार येथे केलेला नाही. तिचा इतिहास आणि तिचे निष्कर्ष वेगळे आहेत.

उगम : या पद्धतीची सुरुवात कोणापासून धरावी याबाबत मतभेद आहेत. न्यूयॉर्कचे होरेस ग्रीन यांनी १८५२ मध्ये स्वरयंत्रातील मांसवृद्धी तोंडावाटे काढल्याचे लिहून ठेवले आहे, परंतु तो कर्करोग नव्हता. बर्लिनचे बर्नहार्ट फ्रेंकेल यांनी १८८६ मध्ये आरशाच्या साहाय्याने स्वरयंत्राचा कर्करोग तोंडावाटे काढला. गाठ पुन्हा उगवल्यावर त्यांनी ती पुन्हा काढली. बहुतेक इतिहासकार पहिलेपणाचा मान फ्रेंकेल यांना देतात. तरीही या यशामुळे पद्धत रुळली असे नाही. व्हिएन्नाचे बिलरोट यांनी १८७३ च्या अखेरीस संपूर्ण स्वरयंत्र बाहेरून काढून दाखवले होते आणि शल्यविशारदांचा कल त्याच बाजूला होता. त्यातच जर्मनीचे युवराज फ्रीड्रिख यांच्या घशातील गाठीचे तुकडे तोंडावाटे काढून तपासण्यात आले, त्यांत कर्करोग दिसला नाही आणि १८८८ मध्ये ते घशाच्या कर्करोगानेच मरण पावले. या प्रकरणाने तोंडावाटे उपचार करण्याची पत बरीच घसरली.

पुढची वाट उपकरणांनी मोकळी केली. किर्स्टाइन यांनी १८९५ मध्ये आरशाशिवाय स्वरयंत्र थेट पाहिले. १९१० च्या आसपास किलियान यांनी दर्शकनलिका टांगून ठेवण्याची रीत काढली, त्यामुळे शल्यविशारदाचे दोन्ही हात मोकळे झाले. १९६० च्या दशकात क्लाइनझासर यांनी या जोडीला शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणला. तरी रक्तस्रावाचा प्रश्न उरलाच होता. तो सोडवणारे साधन, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड लेसर, १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केले. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले, ही गोष्ट मराठी वैद्यकीय लेखनात क्वचितच नोंदली जाते. पेशींतील पाणी या लेसरची १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीची ऊर्जा शोषून घेते. म्हणून ऊतक अगदी पातळ थरात कापले जाते आणि बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद होतात. बॉस्टनचे स्ट्राँग व याको यांनी १९७२ मध्ये स्वरयंत्रावरील वापराचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. स्पष्ट दिसणे, दोन्ही हात मोकळे असणे आणि रक्तस्राव आटोक्यात राहणे या तिन्ही गोष्टी प्रथम येथे एकत्र आल्या, म्हणून आधुनिक पद्धतीचा आरंभ १९७२ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

तात्त्विक वाद त्यानंतर पेटला. कर्करोगाची गाठ अखंड काढावी, तिला सुरी लावू नये, हा शस्त्रक्रियेचा जुना दंडक होता. जर्मनीतील वोल्फगांग श्टायनर यांनी १९८० च्या दशकात तो मोडला. सूक्ष्मदर्शकाखाली गाठच मधून कापायची, ती किती खोल गेली आहे ते पाहायचे आणि मग तुकड्यातुकड्याने निरोगी ऊतकापर्यंत पोचायचे, अशी त्यांची रीत होती. कापताना पेशी पसरतील ही भीती पुढील अनुभवात खरी ठरली नाही. मात्र तुकडे कोणत्या दिशेचे आहेत हे शाईने नीट खुणावून विकृतिशास्त्रज्ञाकडे (पॅथॉलॉजिस्टकडे) पाठवले नाहीत, तर कापलेली कड कर्करोगापासून मोकळी आहे की नाही हे सांगणे अवघड होते.

रोबोटिक शस्त्रक्रिया त्या मानाने अलीकडची. मॅक्लाउड व मेल्डर यांनी २००५ मध्ये जिभेच्या मुळाशी असलेली एक साधी पुटी (सिस्ट) रोबोटने काढली. कर्करोगासाठीची पद्धत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ओमॅली व वाइनस्टीन यांनी बसवली. अमेरिकी औषध प्रशासनाने २००९ च्या डिसेंबरात ‘दा विंची’ यंत्राला लहान गाठींपुरती परवानगी दिली.

कृती : लेसर वापरताना श्वासनळीतील ट्यूब पेट घेण्याचा धोका असतो. म्हणून लेसरला टिकणारी ट्यूब वापरतात आणि तिचा फुगा हवेऐवजी निळ्या रंगाच्या सलाइनने भरतात. फुगा फुटलाच तर निळे पाणी लगेच दिसते. डोळे व चेहरा ओल्या गॉजने झाकतात आणि प्राणवायूचे प्रमाण कमी ठेवतात. रोबोटिक शस्त्रक्रियेनंतर मुख्य भय उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाचे. रुग्ण घरी गेल्यावरही तो होऊ शकतो, म्हणून अनेक शल्यविशारद त्याच वेळी मानेतून संबंधित रोहिणी (धमनी) बांधून टाकतात.

निष्पत्ती : स्वरतंतूंच्या सुरुवातीच्या कर्करोगात लेसरचे निष्कर्ष रेडिएशनच्या तोडीचे आहेत, दोन्हींनी दहापैकी साधारण नऊ रुग्णांत गाठ आटोक्यात येते. आवाजाचा दर्जा रेडिएशननंतर किंचित बरा राहतो असे काहींचे मत आहे. पुढे स्वरयंत्र गमावण्याची वेळ मात्र लेसरनंतर कमी येते, असे एकत्रित विश्लेषणे दाखवतात. शिवाय लेसरचे काम बहुधा एका बैठकीत उरकते आणि शेक (रेडिएशन) घ्यायला पाच ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस यावे लागते. शहापूर-मुरबाडहून ठाण्याला गाडी बदलून ट्रान्सहार्बर लोकलने खारघरचे टाटा केंद्र गाठणाऱ्या रोजंदारीवरच्या माणसाला हा फरक शास्त्रीय फरकाहून मोठा असतो.

घशाच्या कर्करोगात चित्र इतके स्पष्ट नाही. रोबोटमुळे गिळणे चांगले टिकते हे वर्षानुवर्षे गृहीत धरले गेले होते. ६८ रुग्णांच्या ‘ओरेटर’ चाचणीत (२०१९) एका वर्षानंतर गिळण्याचे गुण शंभरपैकी रेडिएशन गटात ८६.९ व शस्त्रक्रिया गटात ८०.१ आले. रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणजे दहा गुण, हे आधीच ठरले होते. त्यामुळे कौल बरोबरीचाच, पण गृहीतकाच्या उलट दिशेला झुकलेला. शस्त्रक्रिया गटात एक मृत्यू रक्तस्रावाने झाला. ६१ रुग्णांची दुसरी ‘ओरेटर’ चाचणी शस्त्रक्रिया गटातील उपचारजन्य मृत्यूंमुळे मुदतीआधी थांबवावी लागली. एचपीव्ही या विषाणूमुळे घशाचा कर्करोग झालेल्या रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत (२०२१) मात्र शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनची मात्रा कमी करूनही दोन वर्षांचे निष्कर्ष उत्तम आले. जाहिरातींत आढळणारे आकडे बहुधा अशाच रुग्णांचे असतात.

ठाणे–नवी मुंबईत हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पश्चिमेकडे घशाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूचा वाटा मोठा आहे. येथे तंबाखू-चुना, गुटखा, मावा, सुपारी आणि बायकांत मिसरी यांमुळे होणारा गाल व हिरडीचा कर्करोग अधिक. ही गाठ तोंड उघडताच समोर दिसते, तिथे पोचायला रोबोट लागत नाही. लहान असेल तर ती पूर्वीपासून तोंडावाटेच काढली जाते. जबड्याच्या हाडात शिरली असेल, तर हाड कापून पायाच्या हाडाने जबडा पुन्हा बांधण्याला बहुधा पर्याय नसतो.

दुसरी अडचण तोंड न उघडण्याची. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय थर साचून गाल ताठ होतात. श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत आणि मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर रुग्णाला स्वतःचीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालायला सांगतात. मग पट्टीने अंतर मोजतात. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडणारे तोंड आखडलेले समजतात. अशा तोंडातून दर्शकनलिका किंवा रोबोटचे हात आत नेणे कठीण, कित्येकदा अशक्य असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; सुपारी मात्र खुली मिळते, जरी जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवले.

मान : या परिसराशी निगडित सर्वांत भक्कम पुरावा छेद कमी करण्याचा नाही, वेळेवर करण्याचा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी, मानेत गाठ लागत नसलेल्या सुरुवातीच्या मुखकर्करोगात, मानेतील ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे याची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ५०० रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांनी आधी ग्रंथी काढलेल्या गटात ८० टक्के, तर थांबलेल्या गटात ६७.५ टक्के रुग्ण जिवंत होते. पहिली लसीकाग्रंथी तेवढी शोधून तपासण्याची रीत फ्रेंच (२०२०) व जपानी (२०२१) चाचण्यांत यापेक्षा कमी ठरली नाही आणि खांद्याचा त्रास सुरुवातीला कमी झाला. तिला किरणोत्सारी द्रव्य, गॅमा शोधक आणि बारीक काप तपासणारी प्रयोगशाळा लागते. या तिन्हींची सोय नसेल तिथे पूर्ण ग्रंथी काढणेच सुरक्षित.

स्थानिक केंद्रे : खारघरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे टाटा मेमोरियल सेंटरचे उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. परळला १९५२ मध्ये सुरू झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ च्या सुमारास येथे आली. (खारघर महसुली हिशेबाने रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेत मोडते, व्यवहारात नवी मुंबईत.) प्रोटॉन उपचार येथे २०२३ मध्ये सुरू झाले. बेलापूर, नेरूळ, वाशी व ठाण्यात खाजगी रुग्णालयेही आहेत. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळू नये असे सांगितले, पण रकमेची मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना दिली. त्यामुळे पॉलिसीतील मर्यादा आधी पाहावी लागते.

पाठपुरावा : कर्करोग परतण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक, म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी करतात. तोंड आखडू नये यासाठी लाकडी चपट्या काड्यांची चवड दातांमध्ये धरून रोज एकेक काडी वाढवण्याचा व्यायाम देतात. तंबाखू-सुपारी सुटली की नाही हे प्रत्येक भेटीत विचारतात, कारण स्लॉटर यांनी १९५३ मध्ये दाखवल्याप्रमाणे बाधा एका गाठीपुरती नसते. तोंडाचे सारेच अस्तर बिघडलेले असते आणि त्याच तोंडात दुसरा, पहिल्याशी संबंध नसलेला कर्करोग होऊ शकतो.